गोल पृथ्वी, सपाट कागद : ‘प्रक्षेपण’ या संज्ञेची चिकित्सा

प्रस्तुत लेखाचा विषय भूगोलातील एक शब्द आहे : ‘प्रक्षेपण’. प्रात्यक्षिक भूगोलाच्या अभ्यासक्रमात या शब्दाला मानाचे स्थान आहे. विद्यार्थी दंडगोलीय, शंकू आणि खमध्य अशा तीन प्रकारांची नावे पाठ करतो, कंपासपेटी घेऊन वृत्तजाळी काढतो आणि गुणही मिळवितो. मात्र भिंतीवरच्या जगाच्या नकाशाकडे बोट दाखवून ‘या नकाशाने पृथ्वीचे काय राखले आणि काय सोडले?’ असे विचारले, तर तोच विद्यार्थी गोंधळतो. या गोंधळाचे खापर सहसा विद्यार्थ्याच्या गणितावर फोडले जाते. आमच्या मते दोषाचा काही वाटा संज्ञेचा आणि ती शिकविण्याच्या पद्धतीचा आहे. मराठी व उर्दू या दोन्ही भाषा ज्यांच्या वर्गात नांदतात, अशा अध्यापकांसमोर तो मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शब्द आणि त्याची सावली

‘प्रक्षेपण’ म्हणजे पुढे फेकणे. आजच्या मराठीत हा शब्द दोन ठिकाणी रोज कानावर पडतो. सामन्याचे ‘थेट प्रक्षेपण’ होते आणि उपग्रहाचेही ‘प्रक्षेपण’ होते. दोन्हीकडे एखादी वस्तू किंवा चित्र जसेच्या तसे दूर पोहोचते, अशी कल्पना आहे. विद्यार्थी हीच कल्पना घेऊन भूगोलाच्या तासाला येतो. तिला पुष्टी देणारी आकृती क्रमिक पुस्तकांत नेहमीची आहे : तारांचा पृथ्वीगोल, त्याच्या मध्यभागी दिवा, भोवती गुंडाळलेला कागद आणि कागदावर पडलेली तारांची सावली. सावली पडली, कागद उलगडला, नकाशा तयार झाला!

काही प्रक्षेपणांच्या बाबतीत हे वर्णन खरे आहे. परंतु ज्या नकाशाचे नाव सर्वांत अधिक ऐकू येते, त्या मर्केटरच्या नकाशाला ते लागू पडत नाही. दिवा गोलाच्या केंद्रात ठेवून विषुववृत्ताभोवती कागद गुंडाळला, तर ६० अंशांचे अक्षवृत्त विषुववृत्तापासून गोलाच्या त्रिज्येच्या १.७३ पट अंतरावर पडेल. मर्केटरच्या नकाशात ते १.३२ पट अंतरावर असते. १५६९ मध्ये मर्केटरने आपला नकाशा सिद्ध केला तो खलाशांसाठी. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणारे जहाज कागदावर सरळ रेषेत दिसावे, हा त्याचा उद्देश होता. त्यासाठी अक्षवृत्तांमधले अंतर ध्रुवांकडे किती वाढवायचे, याची कोष्टके पुढे १५९९ मध्ये एडवर्ड राइट या इंग्रज गणितज्ञाने प्रसिद्ध केली. म्हणजे हा नकाशा हेतू मनात ठेवून आकडेमोडीने रचलेला आहे. सावलीची आकृती हा हेतूच झाकून टाकते. सावलीला हेतू नसतो, नकाशाला असतो.

टोपीचे उदाहरण

गोल पृष्ठभाग न ताणता, न फाडता सपाट करता येत नाही, हे गाउसने १८२७ मध्ये गणिताने सिद्ध केले. वर्गात ते सिद्ध करण्यासाठी विणलेली गोल टोपी पुरेशी आहे. टोपी टेबलावर पालथी ठेवून तळहाताने दाबावी. मधला भाग सपाट होतो तेव्हा कडेला चुण्या पडतात. कडेच्या चुण्या जाव्यात म्हणून कड ओढावी, तर तिथले टाके सैल होतात. चुणी नको आणि टाकाही सैल व्हायला नको, असा आग्रह धरला तर कात्रीच लावावी लागते. कोणते टाके ताणू द्यायचे आणि कोणते जपायचे, एवढेच आपल्या हाती उरते.

नकाशाकाराच्या हाती तरी दुसरे काय असते? त्याच्यापुढे आकार, क्षेत्रफळ, अंतर आणि दिशा अशा चार गोष्टी असतात. चारही सर्वत्र राखणारा सपाट नकाशा असूच शकत नाही. मर्केटरने लहान प्रदेशांचे आकार आणि होकायंत्राची दिशा राखली व क्षेत्रफळ सोडले. त्याच्या नकाशात ६० अंश अक्षांशावर लांबी दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट दिसते. हैदराबादच्या अक्षांशावर क्षेत्रफळ जेमतेम एक दशांशाने फुगते. ग्रीनलँड साधारण २१.७ लाख चौरस किलोमीटरचे, भारत ३२.९ लाखांचा आणि आफ्रिका खंड सुमारे ३ कोटी चौरस किलोमीटरचे. परंतु या नकाशावर वाढलेल्या डोळ्याला ग्रीनलँड आफ्रिकेच्या बरोबरीचे आणि भारत त्याच्यापुढे किरकोळ वाटतो.

तस्तीह आणि यंत्रराज

आता दुसरा शब्द पाहू. अबू रैहान अल्-बिरूनी याचा गोलाच्या सपाटीकरणावर एक अरबी ग्रंथ आहे. त्याच्या शीर्षकात ‘तस्तीह’ आणि ‘तब्तीह’ हे दोन शब्द येतात. पहिल्याचा संबंध ‘सतह’ म्हणजे पृष्ठभाग या शब्दाशी आहे. उर्दू जाणणाऱ्या विद्यार्थ्याला तो लगेच उमगतो. ‘तस्तीह’ म्हणजे सपाट करणे. या शब्दात फेकणे नाही, सावलीही नाही. जी वस्तू सपाट नव्हती तिला कोणीतरी सपाट केले, ही कबुली शब्दातच आहे. बिरूनीने या ग्रंथात तारकामंडळे आणि गोल सपाट पृष्ठावर आणण्याच्या निरनिराळ्या रीती तपासल्या आहेत. एकच रीत सर्व कामांना पुरणार नाही, हे त्याने गृहीत धरले आहे.

या विचाराचे हातात धरता येणारे रूप म्हणजे उस्तुरलाब. संस्कृतात याला ‘यंत्रराज’ म्हणतात. फिरोजशाह तुघलकाच्या आश्रयाने महेंद्रसूरी या जैन पंडिताने १३७० मध्ये याच नावाचा ग्रंथ लिहिला. या यंत्रावरील संस्कृतातील तो पहिला ग्रंथ होय. अरबी-फारसीतील ज्ञान संस्कृतात कसे उतरले, हे दाखविणारा हा ग्रंथ आपल्या दोन्ही भाषांच्या वर्गांत सांगण्यासारखा आहे. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयाच्या संग्रहातही अशी यंत्रे आहेत. यंत्राच्या पितळी तबकड्या काळजीपूर्वक पाहाव्यात. आकाशाचा गोल तिथे एका विशिष्ट रीतीने सपाट केलेला असतो. या रीतीत गोलावरचे वर्तुळ तबकडीवरही वर्तुळच राहते, म्हणून कारागिराला ते कंपासने कोरता येते. शिवाय क्षितिजाची तबकडी प्रत्येक अक्षांशासाठी वेगळी असते. दिल्लीची तबकडी दौलताबादला चालत नाही. सपाट चित्र कोणासाठी आणि कोठून काढले आहे, हे तबकडीवरच कोरलेले असे. आजच्या भिंतीवरच्या नकाशात हीच माहिती कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांत दडते किंवा गाळलीच जाते.

येथे एक इशारा आवश्यक आहे. आपल्या नियतकालिकांत या विषयावरचे लेख पुष्कळदा ‘आमच्या विद्वानांनी हे आधीच शोधले होते’ अशा नामावळीवर संपतात. बिरूनीच्या ग्रंथात मर्केटरचे गणित नाही आणि ते तेथे शोधण्याची गरजही नाही. बिरूनीकडून घ्यायची ती प्रश्न विचारण्याची शिस्त. नामावळीने अभिमान वाढतो, पण विद्यार्थ्याला नकाशा वाचता येत नाही.

एकच अक्षवृत्त, दोन दिशा

ही शिस्त नसली तर काय होते, याचे उदाहरण किब्ल्याच्या दिशेचे आहे. या प्रश्नातील फिकही बाजू उलेमांची आहे. येथे केवळ भूमितीचा विचार करू.

नागपूरचा अक्षांश सुमारे २१.१ उत्तर आणि मक्केचा सुमारे २१.४ उत्तर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर मक्का नागपूरच्या अगदी पश्चिमेला दिसते. फरक अर्ध्या अंशाचाही नाही. आता पृथ्वीगोल घ्यावा आणि नागपूर व मक्का या दोन बिंदूंवर दोरा ताणून धरावा. दोरा अक्षवृत्तावर राहत नाही. तो उत्तरेकडे कमान करतो. नागपूरहून निघताना त्याची दिशा पश्चिमेच्या सुमारे पावणेआठ अंश उत्तरेला असते. गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग तोच आणि समोरासमोरची दिशाही तीच.

चिक्कडपल्लीतून पाहिले तर काय दिसते? येथून मक्केची दिशा पश्चिमेच्या सुमारे १२.७ अंश उत्तरेला आहे. मर्केटरच्या नकाशावर पट्टीने मोजली तर ती ६.३ अंश भरते. अक्षांश-रेखांश समान चौकटींत मांडणाऱ्या साध्या नकाशावर ती ६ अंशांच्या आसपास येते. फरक सहा अंशांहून थोडा जास्त. तो किरकोळ वाटेल, परंतु या चुकीच्या दिशेने नाकासमोर सरळ निघालेली रेषा मक्केपासून सुमारे ४०० किलोमीटर दूरून जाते. मर्केटरवर मात्र खोटेपणाचा आरोप करता येत नाही. होकायंत्राचा तोच कोन शेवटपर्यंत धरून ठेवणारे जहाज त्याच्या रेषेवरून नेमके पोहोचेल. खलाशाच्या प्रश्नाचे उत्तर आपण दुसऱ्याच प्रश्नासाठी वापरतो, चूक तेथे होते.

बिरूनीने १०२५ मध्ये पूर्ण केलेल्या ‘तहदीद’ या ग्रंथात शहरांचे अक्षांश-रेखांश निश्चित करण्याची खटपट आहे. गझनीचा किब्ला काढणे हे त्यामागचे एक प्रयोजन होते. त्याने हा प्रश्न गोलावरच सोडविला. पुढे सतराव्या शतकातील इराणमध्ये घडलेल्या दोन पितळी तबकड्या १९८९ आणि १९९५ मध्ये उजेडात आल्या आणि डेव्हिड किंग या अभ्यासकाने त्यांचा सविस्तर अभ्यास केला. त्यांवर मक्का मध्यभागी आहे आणि वृत्तजाळी अशी कोरली आहे की मधली पट्टी एखाद्या शहरावर फिरवली की कडेवर त्या शहराची दिशा आणि पट्टीवर अंतर वाचता यावे. १९०९ मध्ये इजिप्तच्या सर्वेक्षण खात्यातील जेम्स क्रेग यानेही मक्केची दिशा राखणारे एक प्रक्षेपण आधुनिक गणिताने मांडले. प्रश्न ठरला, मग नकाशा आला. हा क्रम आपल्या वर्गात उलटा झाला आहे.

या चर्चेत एक सामाजिक गोष्टही आहे. छापील नकाशावर किंवा फोनच्या पडद्यावर रेघ ओढून एखाद्या जुन्या मशिदीची भिंत ‘चुकली’ असा निकाल दिला जातो आणि मोहल्ल्यात वाद माजतो. पूर्वीच्या मशिदींची दिशा ठरविताना निरनिराळ्या काळी निरनिराळ्या रीती वापरल्या गेल्या. निकाल देण्यापूर्वी आपल्या हातातला नकाशा कोणत्या रीतीचा आहे, एवढे तरी विचारणे हे सुशिक्षिताचे कर्तव्य आहे.

दख्खनची मोजणी

पृथ्वीच्या गोलाईचा प्रश्न आपल्या भागापासून दूरचा वाटतो. वास्तविक तो इथल्याच डोंगरांवर आणि माळांवर सुटला. विल्यम लॅम्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीला आरंभ केला आणि ७८ अंश रेखावृत्ताच्या आसपास त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे नेली. हैदराबादहून नागपूरकडे जात असताना २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर तेथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने बीदर परिसरातील दामरगिड्डा ते मध्य भारतातील कल्याणपूर या कमानीचा वृत्तांत १८३० मध्ये प्रसिद्ध केला. त्यातून निघालेले पृथ्वीचे माप भारतीय नकाशांचा दीर्घकाळ पाया राहिले. त्या मापातील विषुववृत्तीय त्रिज्या आणि आज उपग्रहाधारित मोजणीत वापरली जाणारी ६३७८.१३७ किलोमीटरची त्रिज्या यांत एक किलोमीटरचाही फरक नाही.

या मोजणीतील एक बारकावा वर्गात अवश्य सांगावा. सपाट कागदावरच्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश असते. गोलावरच्या त्रिकोणाची त्याहून थोडी अधिक भरते. सुमारे २०० चौरस किलोमीटरच्या त्रिकोणात हे आधिक्य जेमतेम एक सेकंद, म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग असते. मोजणीदारांना ते हिशेबात धरावे लागे. दख्खनच्या पठारावर उभ्या असलेल्या माणसाला जमीन सपाट दिसते, पण त्याच्या कोनमापकाला दिसत नाही.

मोजमाप कागदावर आणताना पुन्हा तोच प्रश्न येतो. सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी स्थलनिर्देशक पत्रके बहुशंकू प्रक्षेपणावर आहेत. प्रत्येक पत्रक स्वतंत्रपणे सपाट केलेले असते, त्यामुळे शेजारची दोन पत्रके काठाला काठ जुळतात; पण बरीच पत्रके जमिनीवर मांडून एकत्र जोडू गेल्यास फटी राहतात. या पद्धतीत नांदेडचे पत्रक ५६ ई आणि हैदराबादचे ५६ के. दोन्ही ५६ क्रमांकाच्या एकाच कुटुंबातील आहेत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने जनतेसाठीच्या पत्रकांना नवी मांडणी दिली. तीत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे पाडलेले असतात. त्रेचाळीस आणि चव्वेचाळीस या पट्ट्यांची सीमा बरोबर ७८ अंशांवर, म्हणजे लॅम्टन ज्या रेखावृत्ताचा माग काढत गेला त्यावरच पडते. परिणामी नांदेड एका पट्ट्यात आणि हैदराबाद दुसऱ्यात गेले. नागपूर आणि हिंगणघाट हैदराबादच्या पट्ट्यात आहेत. १९५६ मध्ये मराठवाडा हैदराबाद राज्यातून वेगळा झाला तो राजकीय निर्णयाने. ही विभागणी मात्र केवळ कागदाच्या सोयीसाठी आहे. नकाशावरची कोणती रेषा जमिनीची आणि कोणती कागदाची, हे ओळखायला यापेक्षा जवळचे उदाहरण मिळणार नाही.

मर्केटर विरुद्ध पीटर्स : अर्धवट वाद

१९७३ मध्ये जर्मनीच्या आर्नो पीटर्सने क्षेत्रफळ राखणारा जगाचा नकाशा मांडला आणि मर्केटरचा नकाशा गोऱ्या राष्ट्रांना मोठे दाखवितो, असा आरोप केला. आशिया-आफ्रिकेतील वाचकांना हा आरोप भावला यात नवल नाही. त्यात तथ्यही आहे. खलाशांचा नकाशा शाळेच्या भिंतीवर टांगण्याचे काही कारण नव्हते. तथापि पीटर्सच्या बाजूचीही चिकित्सा व्हायला हवी. त्याची रीत जेम्स गॉल याने १८५५ मध्येच मांडलेली होती. तिच्यात क्षेत्रफळ अचूक राहते. आकाराचा मात्र बळी जातो. हैदराबादच्या अक्षांशावर उत्तर-दक्षिण प्रमाण पूर्व-पश्चिम प्रमाणाच्या सुमारे १.८ पट होते. आपलाच दख्खन ओल्या कपड्यासारखा लोंबताना दिसतो. न्यायाची भाषा बोलणारा नकाशाही काहीतरी सोडूनच न्याय करतो.

२०१८ मध्ये ‘इक्वल अर्थ’ हे क्षेत्रफळ राखणारे आणि आकाराची ओढाताण सौम्य ठेवणारे प्रक्षेपण तयार झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये आफ्रिकन युनियनने मर्केटरऐवजी असा नकाशा वापरण्याच्या मोहिमेला पाठिंबा दिला. देशांची तुलना शिकवायची असेल तर हा बदल स्वागतार्ह आहे. मात्र भिंतीवरचा एक नकाशा काढून दुसरा लावला की शिक्षण झाले, असे समजू नये. या नकाशावरही पट्टी ठेवून किब्ला काढता येणार नाही.

अध्यापकांसाठी

१९१७ मध्ये हैदराबादेत स्थापन झालेल्या दारुत्तर्जुमाने उस्मानिया विद्यापीठासाठी शास्त्रीय विषयांचे उर्दू शब्द घडविले. त्याच वातावरणात वहीदुद्दीन सलीम यांनी १९२१ मध्ये ‘वज़्-ए-इस्तिलाहात’ हा संज्ञानिर्मितीवरचा ग्रंथ लिहिला. नवा शब्द जिभेला आणि अर्थाला किती सोसतो, याचा त्या पिढीने गांभीर्याने विचार केला. मराठीतील ‘प्रक्षेपण’ आता रुळला आहे, परीक्षेत तोच येतो, म्हणून तो बदलावा अशी आमची सूचना नाही. मात्र त्याच्याजवळ ‘सपाट करणे’ हा साधा अर्थ ठेवायला हवा. वर्गात उर्दू समजणारी मुले असतील तर ‘तस्तीह’ हा शब्द फळ्यावर लिहावा. एका शब्दाची उणीव दुसरा भरून काढतो.

त्यापुढचे काम फार खर्चाचे नाही. वर्गातील प्रत्येक नकाशाखाली विद्यार्थ्यांकडून दोन ओळी लिहून घ्याव्यात : ‘राखले’ आणि ‘सोडले’. प्रक्षेपणाचे नाव छापलेले नसेल, तर ते नाही असेही लिहावे. नागपूर-मक्का हा दोऱ्याचा प्रयोग पृथ्वीगोलावर एकदा प्रत्येकाच्या हाताने व्हावा. प्रश्नपत्रिकेत ‘मर्केटर प्रक्षेपणाचे गुणदोष लिहा’ याऐवजी ‘अमुक प्रश्नासाठी कोणता नकाशा घ्याल आणि का?’ असा प्रश्न यावा. गुणदोषांची यादी पाठ होते. निवडीचे कारण द्यायला विचार करावा लागतो.

सपाट कागदाने गोल पृथ्वीविषयी जे सांगितले ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर होते, एवढे विचारण्याची सवय विद्यार्थ्याला लागली, तर ती भूगोलापुरती राहणार नाही. आकडेवारीचा तक्ता, वर्तमानपत्रातील आलेख, इतिहासाचा सारांश या सर्वांत कोणीतरी काहीतरी राखलेले आणि काहीतरी सोडलेले असते. आपल्या महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना याची जाण देणे हे कोणत्याही एका विषयाच्या अध्यापकाचे काम नव्हे. ते सर्वांचे आहे.